निष्कास नळीची झिलई
मोटारसायकलीच्या अंतर्ज्वलन-एंजिनात पेट्रोल जळून तयार झालेले तप्त वायू सिलिंडरातून बाहेर वाहून नेणाऱ्या नळीस निष्कास नळी म्हणतात. तिचे पुढील टोक सिलिंडराच्या निष्कास द्वारास व मागील टोक आवाज कमी करणाऱ्या सायलेन्सरास जोडलेले असते. मोटारगाडीत ही नळी तळाशी दडलेली असते. मोटारसायकलीत मात्र ती उघड्यावर, चालकाच्या पायाशी व पाहणाऱ्याच्या नजरेसमोर असते. त्यामुळे ती जितकी यंत्राचा भाग तितकीच शोभेचाही भाग मानली गेली. नळी चकचकीत ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात साध्या पोलादी नळीवर दुसऱ्या धातूचा पातळ मुलामा देतात. दुसऱ्यात नळीच अगंज पोलादाची (स्टेनलेस स्टीलची) बनवून तिच्या स्वतःच्या पृष्ठभागास झिलई देतात. विसाव्या शतकात पहिल्या मार्गाकडून दुसऱ्याकडे जे संक्रमण झाले, त्याचा इतिहास हा धातुविज्ञानाचा जितका आहे, तितकाच झिलईकाम करणाऱ्या कामगारांच्या आरोग्याचाही आहे.

नळी निस्तेज होण्याची कारणे : निष्कास नळीवर उष्णता, पाणी, अम्ले व क्षार या चौघांचा एकाच वेळी मारा होतो. एंजिनाजवळील भागात वायूंचे तापमान कित्येक शे अंश से. असते. पेट्रोलमधील हायड्रोजनाच्या ज्वलनाने पाण्याची वाफ तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले असता सु. एक लिटर पाणी तयार होते, असे स्थूलमानाने म्हणता येते. लांबच्या प्रवासात ही वाफ बाहेर निघून जाते. परंतु थोडेच अंतर जाऊन एंजिन बंद केल्यास ती थंड नळीत द्रवरूप होऊन साचते. ज्वलनातून निर्माण होणारी नायट्रोजन व गंधक यांची ऑक्साइडे तीत विरघळल्याने हे पाणी अम्लधर्मी होते. म्हणून साधी पोलादी नळी पुष्कळदा बाहेरून चकचकीत दिसत असतानाच आतून सडत जाते. बाहेरच्या बाजूस रस्त्यावरचा चिखल, डांबर, थंड देशांत बर्फ वितळविण्यासाठी पसरलेले मीठ व किनारपट्टीवर खारी हवा यांचा परिणाम होतो. यांपैकी क्लोराइडे अगंज पोलादासही अपायकारक असतात.

झिलईकामाची पूर्वपीठिका : धातू घासून उजळण्याची कला प्राचीन आहे. भारतात कुरुंदाची पूड लाखेत कालवून तयार केलेली चाके शिकलगार व रत्नांना पैलू पाडणारे कारागीर वापरीत असत. यूरोपात वालुकाश्माची मोठी चाके पाण्याच्या व पुढे वाफेच्या शक्तीने फिरवून त्यांवर पोलाद घासले जाई. इंग्लंडमधील शेफील्ड हे चाकूसुऱ्यांचे शहर या कामाचे जगप्रसिद्ध केंद्र होते. तेथील सुऱ्या पाण्याने भिजविलेल्या चाकांवर, तर काटे कोरड्या चाकांवर घासले जात. कोरड्या चाकांपासून उडणारी सिलिकेची धूळ फुप्फुसांत जाऊन बसे. अर्नल्ड नाइट, जॉर्ज कॅल्व्हर्ट हॉलंड या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘घासकामगारांचा दमा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रोगाची वर्णने केली. कोरडे काम करणारे पुष्कळ कामगार तिशीच्या आसपासच दगावत. पोलादाचे कण पकडण्यासाठी चुंबकीय साधनेही त्या काळात सुचविली गेली होती. तथापि मुख्य अपाय दगडाच्या धुळीपासून होता आणि चुंबक ती अडवू शकत नव्हते. हाच रोग पुढे सिलिकोसिस या नावाने ओळखला जाऊ लागला.

या स्थितीत पालट घडविण्यास कृत्रिम अपघर्षकांचा मोठा उपयोग झाला. अमेरिकेत एडवर्ड गुडरिच ॲचेसन यांनी १८९१ मध्ये सिलिकॉन कार्बाइड (कार्बोरंडम) तयार केले. १९०० च्या सुमारास विद्युत् भट्टीत वितळवून बनविलेले ॲल्युमिनियम ऑक्साइडही उपलब्ध झाले. या कणांपासून बांधलेली चाके वालुकाश्मापेक्षा टिकाऊ होती आणि त्यांच्या धुळीत मुक्त सिलिका फारच कमी असे. अखेरची चकाकी आणण्याचे काम मात्र कापडी चाकांवर वा कातड्यावर होत राहिले. शेफील्डमध्ये हे काम मुख्यतः स्त्रिया करीत. तेल व बारीक वाळू यांचे मिश्रण अंगावर उडत असल्याने त्या कपड्यांवर तपकिरी कागद गुंडाळीत आणि डोक्यास फडके बांधीत. [⟶ अपघर्षके].

निकेल व क्रोमियम यांचा काळ : गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये पेट्रोल एंजिनावर चालणारी दुचाकी बनविली आणि १८९४ पासून म्यूनिक येथील हिल्डेब्रांट व व्होल्फम्यूलर यांच्या कारखान्यात मोटारसायकलींचे पद्धतशीर उत्पादन होऊ लागले. नॉर्टन, ट्रायंफ, रॉयल एन्फील्ड इ. कंपन्यांच्या प्रारंभीच्या गाड्यांत चकचकीत भागांना निकेलाचा मुलामा देत. निकेलाची छटा उबदार, किंचित पिवळसर असते; परंतु हवेत ते मंद पडते आणि वारंवार घासावे लागते. प्रत्येक वेळी घासल्याने मुलाम्याचा थोडा अंश जातोच. अशा रीतीने मालकाची स्वच्छतेची हौसच कालांतराने मुलामा संपवीत असे.

अमेरिकेत कॉलिन फिंक व त्यांचे सहकारी यांनी १९२० नंतरच्या दशकात क्रोमियमाच्या विद्युत् विलेपनाची व्यवहार्य पद्धत सिद्ध केली. १९३० च्या सुमारास ब्रिटिश मोटारसायकलींवर निकेलाची जागा क्रोमियमाने घेतली. शोभेच्या कामातील क्रोमियमाचा थर अत्यंत पातळ, बहुधा अर्ध्या मायक्रॉनाहून कमी असतो. गंजापासून खरे संरक्षण त्याखालील निकेलाचा बराच जाड थर करतो. क्रोमियमाचे काम निकेलास मंद पडू न देणे व पृष्ठभाग कठीण ठेवणे एवढेच असते. या थरात सूक्ष्म छिद्रे व भेगा असतात. त्यांतून पाणी झिरपून पोलादापर्यंत पोचले, की मुलाम्याखाली गंज पसरतो, फोड येतात आणि अखेर पापुद्रे सुटतात. तांब्यापितळेच्या भांड्यांची कल्हई उडाली, की ती घरच्या घरी पुन्हा करून घेता येई. नळीवरील क्रोमियमाचे तसे नाही. जुना थर काढून, नळी पुन्हा घासून, विलेपनाच्या टाक्यांतून ती परत न्यावी लागते.

विलेपनाच्या टाकीत क्रोमिक अम्लाचा विद्राव असतो. विद्युत् प्रवाह चालू असताना निघणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांबरोबर त्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. त्यांतील षट्‌संयुजी क्रोमियमामुळे कातडीवर व्रण पडतात आणि दोन नाकपुड्यांमधील पडद्यास छिद्र पडते. ब्रिटनमध्ये या धंद्यासाठी १९३१ मध्ये खास नियम करण्यात आले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये षट्‌संयुजी क्रोमियमाच्या संयुगांची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. यूरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइडाच्या वापरास विशेष परवानगी आवश्यक झाली. [⟶ विद्युत् विलेपन].

अगंज पोलादाचा शोध : क्रोमियम हे मूलद्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लूई निकोला व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये शोधून काढले. प्येर बेर्त्ये यांना १८२१ मध्ये असे आढळले, की लोखंड व क्रोमियम यांच्या मिश्रधातू काही अम्लांस चांगल्या तोंड देतात. परंतु त्या काळी मिळणाऱ्या मिश्रधातूंत कार्बन फार असल्याने त्या ठिसूळ होत. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८९२ मध्ये क्रोमियमयुक्त पोलादाच्या कसोट्या सल्फ्यूरिक अम्लात घेतल्या आणि क्रोमियमाने पोलादाचा टिकाऊपणा घटतो, असा निष्कर्ष काढला. ते अम्ल या कामी योग्य नसल्याने हा निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरला. जर्मनीत फिलिप मोनार्ट्‌स यांनी १९११ मध्ये क्रोमियमाचे प्रमाण सु. १२% झाले की पोलादाचा संक्षारणरोध एकदम वाढतो, हे दाखवून दिले आणि त्याचा संबंध पृष्ठभागाच्या निष्क्रियतेशी जोडला.

एसेन येथील क्रुप कारखान्यात एडुआर्ट मॉउरर व बेनो श्ट्राउस यांनी क्रोमियम व निकेल असलेली पोलादे तयार केली व १९१२ मध्ये त्यांची एकस्वे (पेटंटे) नोंदविण्यात आली. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून नव्या पोलादाच्या शोधात होते. ऑगस्ट १९१३ मध्ये त्यांनी सु. १२·८% क्रोमियम असलेले पोलाद वितळविले. त्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नेहमीप्रमाणे अम्लाने कोरण्याचा प्रयत्न केला असता ते कोरले जाईनात. ब्रिअर्ली यांनी त्यातून चाकूसुऱ्यांचा विचार केला. अर्नेस्ट स्टुअर्ट या सुऱ्यांच्या कारखान्यातील व्यवस्थापकांनी ते व्हिनेगरमध्ये तपासून पाहिले आणि त्यास ‘स्टेनलेस’ हे नाव दिले. १९२४ मध्ये ब्रिअर्ली यांचे उत्तराधिकारी डब्ल्यू. एच. हॅटफील्ड यांनी १८% क्रोमियम व ८% निकेल असलेले पोलाद प्रचारात आणले. ‘१८-८’ या नावाने प्रसिद्ध झालेले हे पोलाद व त्याची सुधारित रूपे आजही निष्कास नळ्यांसाठी वापरतात.

या पोलादाचे रहस्य त्याच्या पृष्ठभागावर आहे. हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन त्यावर क्रोमियमाच्या ऑक्साइडाचा, काही नॅनोमीटर जाडीचा, पारदर्शक व चिवट पापुद्रा तयार होतो. ओरखडा पडला तरी हवेच्या सान्निध्यात तो आपोआप पुन्हा जुळतो. मुलामा एकदा फाटला की फाटलाच; हा पापुद्रा मात्र धातू स्वतःच पुन्हा विणतो. [⟶ अगंज पोलाद].

निष्कास नळीत उपयोग : १९३० मध्ये पूर्ण झालेल्या न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीच्या शिखरावर या पोलादाचा पत्रा चढविला गेला, परंतु सामान्य मोटारसायकलीच्या नळीपर्यंत पोचण्यास त्यास कित्येक दशके लागली. त्याची किंमत अधिक होती, वाकविताना ते लवकर कठीण होई आणि वितळजोड केलेल्या जागी ते गंजे. जोडाजवळचा भाग सु. ४५०° ते ८५०° से. या पट्ट्यात तापला, की कार्बन तेथील क्रोमियमाशी संयोग पावतो व संरक्षक पापुद्र्यासाठी क्रोमियम उरत नाही. टिटॅनियम मिसळून किंवा कार्बनाचे प्रमाण घटवून हा दोष टाळता येतो. १९४० नंतर टंगस्टन अग्र व निष्क्रिय वायू वापरून करावयाच्या वितळजोडकामाचा प्रसार झाला. १९६८ मध्ये ऑक्सिजनाबरोबर आर्‌गॉन वायू फुंकून कार्बन काढण्याची पद्धत कारखान्यात वापरात आली आणि अल्प कार्बनाचे अगंज पोलाद स्वस्त झाले. अमेरिकेत १९७५ पासून मोटारगाड्यांत निष्कास वायू शुद्ध करणारे उत्प्रेरकी परिवर्तक बसू लागल्यावर सु. ११% क्रोमियम असलेल्या स्वस्त अगंज पोलादांची मागणी वाढली. मोटारसायकलींत १९८० नंतर हा बदल क्रमाने घडून आला. जुन्या गाड्यांचे जतन करणाऱ्यांतही यावरून दोन पक्ष पडले : मूळच्या क्रोमियमाची निळसर चमकच अस्सल, असे काहींचे म्हणणे, तर अगंज पोलादाची नवी नळी कायमची, असे इतरांचे.

उष्णतेचे रंग : ‘अगंज’ या शब्दावरून नळीचा रंग बदलणारच नाही, अशी समजूत होते, ती बरोबर नाही. एंजिनाजवळ नळी प्रथम पिवळी, मग तपकिरी, जांभळी व निळी होते. तापल्यामुळे ऑक्साइडाचा पापुद्रा जाड होतो आणि त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशतरंगांच्या व्यतिकरणामुळे रंग दिसतात. पाण्यावरील तेलाच्या तवंगात दिसणारे रंग असेच असतात. १८-८ पोलाद हवेत तापविले असता सु. २९०° से. ला फिकट पिवळा, ३९०° च्या आसपास तपकिरी, ४५०° ला गर्द जांभळा व ५४०° ते ६००° ला निळा रंग येतो. म्हणजे नळीवरील पट्टे हे तिच्या तापमानाचा एक प्रकारचा नकाशाच होत. काही मालकांना हे रंग आवडतात व ते तसेच ठेवतात. मात्र जाड पापुद्र्यासाठी लागलेले क्रोमियम त्याच्या लगत खालील थरातून आलेले असते. त्यामुळे तो थर दुबळा होतो. मीठ वा खारी हवा असेल, तर प्रथम तेथेच तपकिरी ठिपके उमटतात.

झिलईची मीमांसा : घासल्याने धातू का चमकतो, याविषयी पूर्वी मतभेद होते. ओरखडे अधिकाधिक बारीक होत जाऊन अखेर डोळ्यांस दिसेनासे होतात, असे न्यूटन यांच्या काळापासून मानले जाई. सर जॉर्ज बील्बी यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी असे प्रतिपादिले, की घासताना धातूचा वरचा थर द्रवाप्रमाणे वाहून खळगे भरून काढतो. पुढे लेनर्ड सॅम्युएल्स यांनी दाखविले, की अगदी बारीक झिलईतही अपघर्षक कण धातूचे सूक्ष्म छिलकेच कापतात. या मताप्रमाणे झिलई म्हणजे मूलतः अत्यंत बारीक तासकामच ठरते. प्रत्येक झिलईत धातू थोडा तरी जातोच. फरक इतकाच, की मुलाम्याच्या नळीत तो संपतो आणि अगंज पोलादाच्या नळीत खाली तोच धातू असतो.

कृती : नळी पूर्ण थंड असताना साबणाच्या पाण्याने धुतात. चिकटलेले डांबर विद्रावकाने व वितळून बसलेले रबर किंवा नायलॉन लाकडी पट्टीने काढतात. ओरखडे असल्यास क्रमाक्रमाने बारीक होत जाणारा अपघर्षक कागद, उदा., २४०, ३२०, ४०० व ६०० क्रमांकाचा, वापरतात. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा आधीच्या दिशेशी काटकोनात ठेवतात, म्हणजे आधीचे ओरखडे पुरते गेले की नाही ते कळते. त्यानंतर घायपातीच्या तंतूंचे व शेवटी सुती कापडाचे चाक वापरतात. चाकास लावावयाच्या अखेरच्या लेपात बहुधा हिरवे क्रोमियम ऑक्साइड असते. अगंज पोलादाची उष्णतासंवाहकता साध्या पोलादाच्या सु. एक-तृतीयांश असल्याने एकाच जागी चाक दाबून धरल्यास ती जागा तापून पुन्हा रंग धरते. सरतेशेवटी लेपाचा व बोटांचा चिकटपणा पुसून काढणे अगत्याचे असते. कारण एंजिन सुरू झाल्यावर बोटांचे ठसेही नळीवर भाजले जातात.

साध्या पोलादी तारेची घासणी मुळीच वापरू नये. तिचे कण पृष्ठभागात रुतून गंजतात व दोष मात्र नळीस दिला जातो. विरंजक चूर्ण किंवा हायड्रोक्लोरिक अम्ल असलेली स्नानगृह-स्वच्छकेही वर्ज्य होत. त्यांतील क्लोराइडांमुळे धातूस खोल, सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात.

यांत्रिक घासणीऐवजी रासायनिक मार्गही आहेत. ऑक्झॅलिक अम्लयुक्त चूर्णाने सौम्य रंग निघतात. फ्रान्समध्ये प्येर झाके यांनी १९३० च्या सुमारास विकसित केलेल्या विद्युत् झिलईत नळी धनाग्र म्हणून विद्युत् विच्छेद्य विद्रावात ठेवतात. पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवटे आधी विरघळून तो गुळगुळीत होतो. कारखान्यात जोडाजवळचे रंग काढण्यासाठी नायट्रिक व हायड्रोफ्ल्युओरिक अम्लांचा लेप वापरतात. यांपैकी हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल कातडीतून आत शिरून शरीरातील कॅल्शियमाशी संयोग पावते. आरंभी वेदना जाणवत नसल्या, तरी ते प्राणघातक ठरू शकते. म्हणून ते घरी कदापि वापरू नये.

भारतातील स्थिती : मद्रास येथे १९५५ पासून बुलेट, तर म्हैसूर येथे १९६१ पासून जावा मोटारसायकलींचे उत्पादन होऊ लागले. या गाड्यांच्या क्रोमियमाने मढविलेल्या नळ्या व सायलेन्सर दोन पिढ्यांच्या परिचयाचे आहेत. अगंज पोलाद मात्र महाराष्ट्रातील घरांत प्रथम स्वयंपाकघरातून आले. पितळेची व तांब्याची भांडी जाऊन स्टीलची आली आणि कल्हईवाल्याची हाक विरळ झाली. भांड्यांच्या धंद्याबरोबर ठाणे जिल्ह्यातील भाईंदर, दिल्लीतील वझीरपूर इ. ठिकाणी झिलईचे छोटे कारखाने वाढले. अनेक भारतीय मोटारसायकलींत आतील नळी काळ्या रंगाची ठेवून तिच्यावर चकचकीत उष्णतारोधक पत्रा बसवितात. त्यामुळे घासावयाचा भाग पुष्कळदा हा पत्राच असतो.

जुन्या नळ्या उजळून देण्याचे काम शहरांतील बफिंगच्या लहान दुकानांतून होते. कापडाचे तंतू, लेपाची भुकटी व धातूची धूळ यांनी तेथील हवा भरलेली असते. धूळ शोषून घेणारा पंखा व मुखवटा हे यावरचे साधे उपाय होत. वेगाने फिरणारे चाक नळीची कड पकडून ती हातातून हिसकावून घेते, म्हणून कड नेहमी चाकाच्या फिरण्याच्या दिशेने सुटी राहील अशी धरावी लागते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात सिलिकोसिस व क्रोमियमजन्य व्रण या दोहोंचा समावेश कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत करण्यात आला. परंतु थोड्या कामगारांची दुकाने या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली.

अगंज पोलादाच्या आगमनाने मुलामा पुन्हापुन्हा देण्याची व त्याबरोबर क्रोमिक अम्लाच्या टाकीपाशी उभे राहण्याची गरज कमी झाली, हा या इतिहासातील खरा लाभ होय. घासण्याचे श्रम व धूळ मात्र उरली. नळीचे आयुष्य तिच्या चकाकीवर नव्हे, तर डोळ्यांस न दिसणाऱ्या ऑक्साइडाच्या पापुद्र्यावर अवलंबून असते. तो शाबूत राहण्यास स्वच्छ पाणी, मऊ फडके व कोरडी हवा बहुतेक वेळा पुरेशी असतात. आरशासारखी झिलई त्यापुढची हौस असून तिची किंमत कोणाच्या तरी श्वासाने चुकती होणार नाही, अशी व्यवस्था असणे आवश्यक आहे.